कुत्रा इतरांवर भुंकतो, दोरी ओढतो, अंगावर उड्या मारतो: काय केल्याने फरक पडला?

सोसायटीत फिरवताना दुसरा कुत्रा, सायकल किंवा डिलिव्हरीवाला दिसला की दोरीला हिसडे देणारी कुत्री घरोघरी आहेत. ‘एक फटका द्या’ हा सल्ला सगळ्यांना मिळतोच. त्यापलीकडचे, करून पाहिलेले इथे लिहा. कुत्र्याच्या गोष्टी नकोत. अंतर, वेळ, वस्तू, चुका असे नेमके हवे.

पुणे, देशी कुत्री
सगळ्यात आधी अंतर. समोरचा कुत्रा दिसतोय, तरी हाक मारली की आपली वळते आणि खाऊ खाते, ते अंतर शोधा. कोणाचे १० मीटर असते, कोणाचे ४०. आवडीचा खाऊही तोंडात घेत नसेल तर आपण फार जवळ आलोय. तिथूनच मागे फिरा.

भुंकण्यामागे बहुतेकदा भीती असते. समोरच्याला लांब घालवायचे असते, तो त्याच्या वाटेने निघूनही जातो, आणि भुंकल्यामुळेच गेला असे कुत्रीला वाटते. म्हणून सवय पक्की होत जाते.

सराव असा: समोरचा दिसला, आपल्या कुत्रीने पाहिले, की लगेच खाऊ. तो दिसेनासा झाला की खाऊ बंद. हा क्रम उलटला की सगळे बिघडते. आधी पिशवी खुळखुळली आणि मग कुत्रा आला, असे चारदा झाले की पिशवीच्या आवाजानेच ती सावध होते. तुकडे वाटाण्याएवढे, पटकन गिळता येतील असे. बिनमिठाचे उकडलेले चिकन किंवा पनीर. एका फेरीला ४०-५० सहज लागतात, तेवढे जेवणातून कमी करा. १० मिनिटांत थांबा. पुढे कधीतरी समोरचा दिसताच ती आपणहून मान वळवून तुमच्याकडे बघेल. तेव्हा अंतर दोन पावलांनी कमी करा, दहा नाही. बहुतेकांची घाई इथेच होते.

नाशिक, जर्मन शेफर्ड
वरच्यात एक भर. मोठा भडका उडाला की त्या दिवशी सराव नको. अंगातला ताण उतरायला दिवस-दोन दिवस लागू शकतात, आणि तोवर सायकलची घंटाही पुरते. निवांत जागी वास घेत फिरू द्या, घरी जुन्या चादरीच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावा.

ठाणे, १४वा मजला, बीगल
लिफ्टमध्ये अंतर मिळतच नाही. त्यामुळे तिथे शिकवायचे नाही, निभावून न्यायचे. वाट पाहताना दारासमोर उभे राहू नका. भिंतीकडे कुत्रा, मध्ये आपण. लिफ्ट रिकामी असेल तरच शिरा. आत मागच्या कोपऱ्यात कुत्रा ठेवून त्याच्यापुढे उभे राहा. मधल्या मजल्यावर दार उघडले की जमिनीवर चार-पाच तुकडे टाका, नाक खाली जाते. शाळेच्या बसची वेळ टाळा. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही, हे खरे. पण ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांना आधी जाऊ द्यावे, असे मला मनापासून वाटते.

नागपूर, रॉटवायलर
सामानाबद्दल. दोरी साधी, २ मीटरची. आपोआप गुंडाळली जाणारी नको: तिला कायम ताण असतो, आणि कुत्रा वेग घेऊन शेवटी जोराचा हिसका देतो. हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा) खांदे मोकळे ठेवणारा, छातीवर आणि पाठीवर दोन्हीकडे कडी असलेला. चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) आणि काट्यांचा पट्टा घेऊच नका. दुसरा कुत्रा दिसला की मान दुखते, अशी सांगड बसते आणि राग त्या कुत्र्यावर निघतो.

मझल (चावू नये म्हणून तोंडावर चढवतात ते) टोपलीसारख्या जाळीचे. त्यात तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आले पाहिजे. तोंड आवळणारे कापडी मझल घालून इथल्या उन्हात फिरवले तर उष्माघात होऊ शकतो, कारण कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड ठेवतो. सवय लावताना पहिले ३-४ दिवस आतून फक्त दही चाटू द्या, मझलचे पट्टे बांधू नका. मग ५ सेकंद, मग मिनिटभर. दोन आठवडे धरून चाला.

कोल्हापूर, पॉमेरेनियन
रस्त्यावरच्या कुत्र्यांचा इलाका ठरलेला असतो: कचराकुंडी, टपरी, ठरावीक गाड्यांखालची सावली. तो पाठ करा आणि रस्ता बदला. चालून आलेच तर पळू नका. आपले कुत्रे मागे घ्या, मूठभर बिस्किटे त्यांच्या तोंडासमोर पसरा, वळसा घालून निघा. बटणाची छत्री त्यांच्या दिशेने उघडली तर मध्ये आडोसा होतो. मात्र आधी घरी छत्रीची सवय करा, नाहीतर आपलेच घाबरते. गल्लीत त्यांना खाऊ घालणाऱ्यांकडून वेळ विचारून घ्या.

धागाकर्ता
पाहुण्यांवर उड्या मारतो, त्याचे काय? आणि नसबंदीने फरक पडतो का?

ठाणे, बीगल
उडी मारली की पाहुण्याने पाठ फिरवायची. ढकलणेही त्याला खेळच वाटतो. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच हात लावायचा. सुरुवातीला उड्या वाढतात. तेव्हा घरातल्या एकानेही लाड केले तर आणखी पक्क्या होतात. बेल वाजायच्या आधी दोरी लावून ठेवा.

पुणे, देशी कुत्री
नसबंदीने भीती जात नाही. नुसत्या भुंकण्यावर उपाय म्हणून करू नका.

सातारा, पशुवैद्यक
शांत कुत्रा अचानक अंगावर जाऊ लागला तर ट्रेनरच्या आधी आमच्याकडे आणा. कान, दात, खुबा किंवा पाठ दुखत असली की हात लावू देत नाहीत. गुरगुरण्याबद्दल कधीही शिक्षा करू नका. ती सूचना आहे. दाबली तर पुढच्या वेळी सूचना न देता थेट चावू शकतो. त्याआधीच्या खुणा ओळखा: अंग ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, ओठ चाटणे, झोप नसताना जांभई. रेबीजची लस वेळच्या वेळी, कार्डाचा फोटो फोनमध्ये. कोणाला दात लागलाच, नुसता ओरखडा असला तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. हळद-चुना लावू नका. त्याच दिवशी दवाखाना.