टीएमबी निळा झाला म्हणजे एन्झाइम झालं का?

चिडका_केमिस्ट: काल एकाने ठोकून दिलं, "आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण म्हणजे न बिघडणारं पेरॉक्सिडेज, एचआरपीचे दिवस भरले." राहवत नाही. एचआरपी म्हणजे हॉर्सरॅडिशमधलं नैसर्गिक पेरॉक्सिडेज; हे एन्झाइम पेरॉक्साइड वापरून टीएमबी हा रंगहीन पदार्थ निळा करतं. 2007 च्या मॅग्नेटाइटच्या (चुंबकीय आयर्न ऑक्साइडच्या) पेपरातलाच तक्ता काढा. हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी केएम (निम्म्या वेगाला लागणारी संहती; जितकी कमी तितकी पकड चांगली) कणांचं 154 मिलिमोलर, एचआरपीचं 3.7. चाळीसपट! तेही पीएच 3.5 ला. लोह, आम्ल, पेरॉक्साइड... हे ऑक्सिडीकरण रसायनज्ञ फेंटनने नुसत्या विरघळलेल्या लोहाने 1894 मध्येच करून ठेवलंय.

निळी_क्युव्हेट: सोयीची ओळ तेवढी वाचलीत. त्याच तक्त्यात टीएमबीसाठी कणांचं 0.098, एचआरपीचं 0.434. आणि बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सुटलेलं लोह त्यांनी वेगळं तपासलं होतं, त्याने रंग आला नाही. मग फेंटनचं नाव कशाला?

चिडका_केमिस्ट: त्यांनी तपासलं. नंतरच्या किती जणांनी तपासलं? आणि ते 'प्रति कण' केकॅट (दर सेकंदाला किती रेणू बदलले)! एका कणावर हजारो लोह अणू, एचआरपीत एक हीम, म्हणजे एकच लोह अणू. अख्ख्या गावाची कुस्ती एका पैलवानाशी लावायची आणि गाव जिंकलं म्हणायचं.

सेरियाग्रस्त: लोहाचं राहू द्या. मी सेरियावर (सेरियम ऑक्साइडच्या कणांवर) एसओडीसारखी, म्हणजे घातक सुपरऑक्साइड मोडणाऱ्या एन्झाइमसारखी क्रिया मोजत होतो. पाण्यात झकास, पेशींच्या प्रयोगात शून्य. आठ महिने कण पुन्हापुन्हा बनवले. दोष पीबीएसचा, म्हणजे फॉस्फेटवाल्या बफरचा! फॉस्फेट सेरियम तीनला (+3 भाराच्या सेरियमला) जाऊन चिकटतं, मग +3 आणि +4 मधल्या अदलाबदलीचा खेळच बंद. गाईड म्हणाले, "बफर सगळे तोच वापरतात."

निळी_क्युव्हेट: आठ महिने? बफर बदलून बघायला एक दुपार लागते.

सेरियाग्रस्त: तुमच्याकडे बफर ठरवायचा अधिकार असेल. आमच्याकडे फ्रीजमध्ये जी बाटली असेल तोच बफर.

जुनी_खोड: फॉस्फेट शरीरातही असतंच. म्हणजे पीबीएसने खोटं नाही, खरं तेच दाखवलं. रागावू नका, पण तुमचा शून्य हाच निष्कर्ष होता.

सेरियाग्रस्त: हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पेपर तरी झाला असता. आता काय, मीठ चोळा.

निळी_क्युव्हेट: विषय भरकटला. एचआरपी उकळून दाखवा आणि मग बोला. कण चुंबकाने ओढून परत वापरता येतात, हे तरी मानाल?

चिडका_केमिस्ट: मानलं. उत्प्रेरक म्हणून उत्तम. चुंबकाला चिकटणारं एन्झाइम मात्र मी अजून पाहिलेलं नाही.