पाश्चरीकरणानंतरच्या कल्चरमध्येही ग्रोथ का येते?

एनआयसीयू_सिस्टर:
आमची मिल्क बँक (आयांनी दान केलेलं दूध नवजात बाळांसाठी साठवणारी) नवी आहे. दात्री मातांची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल (सिफिलिसची) तपासणी झालेली असते. पाश्चरीकरणासाठी दूध गरम पाण्याच्या बाथमध्ये ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवतो. तरी लागोपाठ तीन बॅचेसच्या नमुन्यांच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या चाचणीत) ग्रोथ आली आणि सगळं दूध ओतून द्यावं लागलं. स्वतःच्या बाळाला पाजून झाल्यावर आयांनी काढून दिलेलं दूध असं मोरीत जाताना बघवत नाही. वेळ ४५ मिनिटं केली तर?

कल्चरप्लेट:
नको, सिस्टर. ३० मिनिटांतच लायपेज (चरबी पचवणारं विकर) संपतं, आयजीए आणि लॅक्टोफेरिन ही जंतूंपासून वाचवणारी प्रथिनं घटतात. वेळ वाढवलीत तर दूध आणखी निकस होईल आणि ग्रोथ येतच राहील. लॅबने नुसतं 'ग्रोथ आहे' असं कळवलं तर ते स्वीकारू नका, जंतूचं नाव मागा. त्यावरून चूक कुठे झाली ते कळतं. बॅसिलस असेल तर त्याचे बीजाणू ६२.५ अंशांना दाद देत नाहीत, ४५ मिनिटं ठेवलं तरीही. मग पंपाचे नीट न वाळलेले भाग, नळ्या, धूळ बघा. सुडोमोनास किंवा क्लेब्सिएला या तापमानाला तग धरत नाहीत. ते सापडले तर एक तर दूध नीट तापलंच नाही, किंवा ते तापवल्यानंतर बाटलीत शिरले. त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस बहुतेकदा नमुना काढणाऱ्या हातावरून येतात.

वॉटरबाथ_टेक:
सुडोमोनास निघाला तर झाकणं तपासा. गरम बाटलीतली हवा फुगलेली असते. बाटली थंड पाण्यात गेली की हवा आकसते आणि झाकण किंचितही सैल असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. खात्री करायची तर बाटल्यांत साधं पाणी भरून एक फेरी चालवा आणि थंड करायच्या टपात खायचा लाल रंग टाका. ज्या बाटलीत गुलाबी छटा दिसेल तिचं झाकण बाद. बाथमधलं पाणी दुधाच्या पातळीच्या वर पण झाकणाच्या खाली हवं. काम संपलं की पाणी काढून बाथ कोरडा पुसायचा, रात्रभर पाणी ठेवायचं नाही. तुमचा प्रोब (तापमान मोजणारी सळई) कुठे असतो?

एनआयसीयू_सिस्टर:
बाथच्या पाण्यात. बाटल्याही कमीजास्त भरलेल्या असतात.

वॉटरबाथ_टेक:
मग तिथेही घोळ आहे. पाणी ६२.५ ला पोचतं तेव्हा दूध मागेच असतं. शिवाय अर्धी बाटली लवकर तापते, भरलेली उशिरा. एका फेरीत सगळ्या बाटल्या एकाच आकाराच्या आणि सारख्याच भरलेल्या घ्या, १०० मिली तर सगळ्यांत १०० मिली. तेवढंच दूध एका जादा बाटलीत घेऊन ती मधोमध ठेवा, प्रोब तिच्यात सोडा आणि ती ६२.५ ला पोचली की घड्याळ लावा. त्या बाटलीतलं दूध बाळाला द्यायचं नाही. गोठलेलं दूध आधी फ्रीजमध्ये पूर्ण वितळू द्या, बर्फाचे कण राहिले तर सगळी वेळ चुकते. ३० मिनिटांनंतर लगेच ४ अंशांपर्यंत उतरवा, नमुना काढा आणि रिपोर्ट येईपर्यंत ती बॅच उणे २० च्या फ्रीझरमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवा.

कल्चरप्लेट:
कच्च्या दुधाचं कल्चरही सोडू नका. स्टॅफिलोकोकस ऑरियस उष्णतेने मरतो, पण त्याने आधीच सोडलेलं विष टिकतं, आणि नंतरच्या कल्चरमध्ये ते दिसत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यविषयक सूचना काढणाऱ्या संस्थेच्या २०१० च्या सूचनांनुसार कच्च्या दुधात मिलीलिटरला एकूण १,००,००० पेक्षा जास्त जंतू, किंवा ऑरियस वा एंटरोबॅक्टेरिएसी (क्लेब्सिएला ज्यात येतो ते जंतूंचं कुळ) १०,००० पेक्षा जास्त असतील तर दूध टाकून द्यायचं. प्रत्येक वेळी परवडत नसेल तर निदान नव्या दात्रीचं पहिलं दूध तपासा, आणि तो रिपोर्ट येईपर्यंत ते पूलमध्ये (अनेक दात्रींच्या एकत्र दुधात) मिसळू नका, नाहीतर एकीच्या दुधापायी सगळ्यांचं जातं. जमलं तर मुंबईच्या सायन रुग्णालयात परवानगी काढून काम बघून या, १९८९ मध्ये आशियातली पहिली मिल्क बँक तिथे सुरू झाली.

एनआयसीयू_सिस्टर:
उद्या प्रोब हलवते, रंगाची चाचणीही करते. टपातला बर्फ कँटीनमधून येतो, तो आजपासूनच बंद.