विचर ४ : ट्रेलर बघून पैसे आधीच मोजायचे का?

फोंडेकर
डिसेंबर २०२४ मध्ये विचर ४ या व्हिडिओ गेमचा ट्रेलर आला तेव्हापासून आमच्या फोंड्याच्या कंपूत दुसरा विषय नाही. एक जण ग्राफिक्स कार्डासाठी पैसे साठवतोय, दुसरा प्री-ऑर्डर कधी सुरू होते म्हणून टपून बसलाय. मला हे काही झेपत नाही, म्हणून हा धागा.

या वेळी गेराल्टऐवजी त्याची मानसकन्या सिरी नायिका आहे याला माझी हरकत नाही. आधीच सांगतो, नाहीतर गाडी तिकडेच जाईल. माझं म्हणणं एवढंच की गेम अजून आपण पाहिलेलाच नाही. ट्रेलर आधी रेंडर करून ठेवलेला, तोही एनव्हिडियाच्या तेव्हा जाहीरही न झालेल्या कार्डावर. जून २०२५ मध्ये गेममधलं कोव्हिर राज्य दाखवलं, सिरी भर बाजारातून चालते वगैरे, तो अनरियल इंजिन ५ चा, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर बांधतात त्याचा, टेक डेमो (तंत्राचं प्रात्यक्षिक). हा प्रत्यक्ष गेमप्ले नव्हे, असं कंपनीनेच सांगितलं होतं. तरी लोक तो गेमप्ले म्हणूनच एकमेकांना पाठवतायत.

आणि कंपनी कोणती, तर सीडी प्रोजेक्ट रेड, सायबरपंक २०७७ वाली. तो गेम १० डिसेंबर २०२० ला आला, बग म्हणजे चुका इतक्या की जेमतेम आठवड्याभरात सोनीने आपल्या प्लेस्टेशन स्टोअरमधून उतरवला. परत चढला जून २०२१ मध्ये. माझ्या एका पेडण्याच्या मित्राने पीएस४ ची (सोनीचं जुनं कन्सोल, प्लेस्टेशन ४) डिस्क घेतली होती. दुकानदार म्हणाला, सील फोडलंस, आता परत घेणार नाही.

मांडवीपार
पात्रांव, २०२० चं रडगाणं किती दिवस? त्याच सायबरपंकला सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेट आणि फँटम लिबर्टी हा जोडभाग मिळाला, आणि शिव्या घालणारेच परत खेळायला बसले. विचर ३ सुद्धा पहिल्या दिवशी धड नव्हता, नायकाची घोडी रोच घराच्या छपरावर जाऊन उभी राहायची. आज त्याच्या ५ कोटींहून जास्त प्रती खपल्यात. छपरावरच्या घोडीची आठवण लोक हसत काढतात, त्यातल्या ब्लडी बॅरनच्या कथेची गप्प होऊन. गोष्ट सांगायला यांच्यासारखं कोण आहे ते दाखव.

फोंडेकर
@मांडवीपार गोष्ट सांगणारे तेच आहेत का, हाच तर प्रश्न. विचर ३ चा दिग्दर्शक कोनराड टोमाश्किएविच २०२१ मध्ये बाहेर पडला. त्याचा भाऊ माटेउश, जो क्वेस्ट म्हणजे गेममधल्या मोहिमांच्या डिझाइनचा प्रमुख होता, तोही आता त्याच्याबरोबर रेबेल वुल्व्ह्ज या स्टुडिओत आहे. नवा दिग्दर्शक सेबास्टियन कालेंबा, मूळचा अॅनिमेशनचा माणूस. वाईट असेल असं म्हणत नाही. पण बॅरनच्या पुण्याईवर चौथा भाग विकू नका.

खाजेवाली
माझी तक्रार वेगळी. तिसऱ्या भागाचे तीन शेवट होते. माझ्या खेळात सिरी सम्राज्ञी झाली होती, आता ती विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारी, झालीय म्हणतात. ठीक, एक शेवट निवडणं भाग आहे. पण ट्रायल ऑफ द ग्रासेस, माणसाचं शरीर बदलून विचर बनवायची ती परीक्षा? ती मुलांवर करायचे आणि त्यातली बहुतेक मरायची. मोठ्या बाईने ती सोसली, ते कसं, याचं कारण आधी पटवून द्या. सिरी लहानपणी केअर मॉर्हेनला, विचरांच्या किल्ल्यात, शिकली, पण तिच्यात बदल घडवला नव्हता. आणि तिच्याकडे एल्डर ब्लड, म्हणजे रक्तातूनच आलेली जादूची शक्ती, असताना विचरांसारखे मांजरीचे डोळे हवेत कशाला?

मांडवीपार
@खाजेवाली उमाला, त्या शापित जिवाला, विसरलीस काय गं? तिसऱ्या भागात जादूगारीण येनेफरने त्याच्यावर जवळजवळ तोच प्रयोग केला. म्हणजे विद्या पूर्ण बुडाली नव्हती. कारण देतील ते, गेममध्ये.

खाजेवाली
@मांडवीपार उमाचा शाप काढायचा होता, त्याला विचर करायचं नव्हतं. "देतील" यावरच सगळं चाललंय इथे.

डिचोली_दादा
मला कथेचं पडलेलं नाही, इंजिनचं पडलंय. स्वतःचं रेडइंजिन टाकून अनरियल घेतलं, हे २०२२ मध्येच जाहीर झालं. अनरियल ५ चे मोठे गेम पीसीवर कसे चालतात ते ज्याने खेळलेत त्याला विचारा. नव्या भागात शिरलात की अडकलं, शेडर (चित्र रंगवणारा छोटा प्रोग्रॅम) तयार होतोय म्हणून परत अडकलं. ओपन वर्ल्डमध्ये, म्हणजे मोकळ्या फिरायच्या जगात, तर घोडा चौखूर उधळणार, मग क्षणोक्षणी नवा भाग.

मांडवीपार
@डिचोली_दादा उलट माझी आशा तिथेच आहे. तो डेमो साध्या पीएस५ वर होता, सेकंदाला ६० फ्रेम, रे ट्रेसिंगसकट (खऱ्यासारखा प्रकाश दाखवायचं तंत्र), आणि भराभर भूप्रदेश लोड करायचं नवं तंत्र त्यात दाखवलं. या वेळी कन्सोल धरून सुरुवात करतोय असंही ते सांगतात. सायबरपंकला हेच नडलं होतं, दाट शहर आणि पीएस४ ची हळू हार्ड डिस्क. आणि गावच्या जत्रेतल्या नाटकात पडदा अडकला तर उठून जातोस काय तू?

फोंडेकर
@मांडवीपार जत्रेतल्या नाटकाला तिकीट नसतं रे!

आणि अडकण्यावर माझा राग नाहीच. २०२० मध्ये समीक्षकांना आधी फक्त पीसीची कॉपी दिली. स्वतःचं रेकॉर्डिंग दाखवायला मनाई, कंपनीचं फुटेज वापरायचं. कन्सोलवर काय अवस्था आहे ते विकत घेणाऱ्याला घरी गेल्यावर कळलं. बग चुकून राहतो. हे ठरवून केलं होतं. २.० ने गेम दुरुस्त झाला, पण पुढच्या वेळी हे लोक काय दाखवतील आणि काय झाकतील याचं उत्तर त्यात नाही.

म्हणून माझी अट साधी आहे. रिलीजच्या आधी समीक्षकांच्या हातात पीएस५ ची कॉपी पडू दे, त्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेलं दिसू दे. त्याच दिवशी घेतो, पूर्ण किमतीत.

मांडवीपार
मी पहिल्या दिवशी घेणार. तू दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे खेळायला येशील, लिहून ठेव.

डिचोली_दादा
२०२६ संपेपर्यंत तरी येणार नाही म्हणून कंपनीनेच सांगितलंय, भांडायला वेळ भरपूर आहे. मी कार्ड आत्ता घेऊ की नको, तेवढं कोणी तरी सांगा.

फोंडेकर
नको. पीसीला काय लागतं ते आधी जाहीर होऊ दे.