मदत हवी आहे: रिफ येतात, पण एकही रॉक गाणं गिटारवर सलग वाजत नाही

नमस्कार मंडळी,

गिटार हातात घेतली तीच जुन्या रॉक गाण्यांसाठी, म्हणजे 1965 ते 1980 च्या आसपासची जी गाणी आहेत ना, झेपलिन, डीप पर्पल, फ्लॉइड, ईगल्स या बँडची, तीच मला वाजवायची आहेत, दुसरं काही नाही. आता अडचण अशी आहे की सगळ्या गाण्यांच्या सुरुवाती, म्हणजे रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी धून), येतात. 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ येतो, 'सनशाइन ऑफ युवर लव्ह'चा येतो, 'आयर्न मॅन'चा येतो, 'स्टेअरवे टू हेवन'ची सुरुवात हळू का होईना पण नीट येते. पण कुणी म्हणालं की एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजव, तर एकही नाही. आणि मला खरंच एक तरी गाणं पूर्ण वाजवायचं आहे, मनापासून.

नक्की कुठे अडतंय ते सांगते. एकटीने वाजवताना रिफ स्वच्छ येतो, रेकॉर्ड लावून वाजवला तरी येतो, पण रिफ संपून गायक गायला सुरू करतो ती जागा आली की माझी पहिली कॉर्ड जराशी उशिरा पडते, आणि एकदा का ती समेवर पडली नाही की पुढचं सगळं कडवं मी गाण्याच्या मागे धावत असते. मग थांबते, परत सुरुवातीपासून लावते, त्यामुळे सुरुवातच आणखी पक्की होत जाते आणि पुढचं तिथेच राहतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वाजवायचं कुठलं तेच कळत नाहीये. रेकॉर्डवर एक गिटार कुठे असते, दोन असतात, तीन असतात. 'हॉटेल कॅलिफोर्निया' घ्या, सुरुवातीला बारा तारांची गिटार, तिच्यावर दुसऱ्या गिटारचे छोटे छोटे तुकडे, शेवटी दोन गिटार मिळून सोलो. हातात एकच गिटार असेल तर यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं? टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं असतं ते) बघावेत तर एकाच रिफचे तीन वेगवेगळे टॅब सापडतात, एकात सगळं सहाव्या तारेवर, दुसऱ्यात दोन दोन तारा एकत्र, आणि तिन्हींच्या खाली लोकांनी लिहिलेलं असतं की हाच बरोबर.

माझ्याकडे स्टीलच्या तारांची अकूस्टिक आहे आणि एक इलेक्ट्रिक, सोबत छोटा अ‍ॅम्प. ओपन कॉर्ड (काही तारा मोकळ्या ठेवून वाजतात त्या) सगळ्या येतात, पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांच्याच) येतात, बार कॉर्ड (तर्जनी आडवी टाकून धरायची ती) लागते पण सलग दोन-तीन आल्या की हात भरून येतो, विशेषतः एफ शार्प. सोलोची मला आत्ता घाई नाही. पूर्ण करायला पहिलं गाणं कुठलं घेऊ आणि त्याचा सराव नक्की कसा करू, एवढं जाणकारांनी सांगा. फक्त 'रोज सराव करा' नको प्लीज, तो करतेच आहे.

प्रतिसाद १

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण कुठे अडतंय ते तुम्ही बरोब्बर पकडलंय. रिफही येतो आणि कडवंही येतं, येत नाही तो फक्त मधला सांधा. मग सराव त्या सांध्याचाच करायचा. रिफचा शेवटचा बार (चार मात्रांचा एक तुकडा) आणि कडव्याचा पहिला बार, एवढे दोनच बार घ्या, बाकी गाणं विसरा, आणि तेवढेच फिरवत राहा. सुरुवातीपासून लावायचंच नाही. व्हिडिओचा वेग 0.75 करा, सूर बदलत नाही, फक्त लय उतरते. तोंडाने मात्रा मोजा, एक दोन तीन चार, मोठ्याने, मनात नाही.

आणि यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उजवा हात थांबता कामा नये. डावा हात पोचला नसेल तर नुसत्या दाबलेल्या तारांवर खट् असा आवाज येऊ दे, पण स्ट्रोक वेळेवर पडू दे. आपण काय करतो, कॉर्ड नीट बसेपर्यंत उजवा हात रोखून धरतो आणि उशीर होतो तो तिथेच. चुकीची कॉर्ड वेळेवर पडली तर ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, बरोबर कॉर्ड उशिरा पडली तर सगळ्यांना कळतं.

गाणं म्हणाल तर 'स्मोक ऑन द वॉटर'च पूर्ण करा. 1972 च्या 'मशीन हेड' अल्बममधलं हे गाणं, अख्खं जग त्याचा रिफ वाजवतं आणि तिथेच सोडून देतं, खरं तर पुढचं रिफपेक्षा सोपं आहे. कडव्यात 'जी' या पॉवर कॉर्डवर राहायचं, ओळीच्या शेवटाकडे एफला जाऊन परत जीवर यायचं, ध्रुवपदाला सी आणि ए फ्लॅट, की परत रिफ. झालं गाणं. मधला सोलो येईल तेव्हा येईल, तोवर सोलोच्या वेळी मागची कॉर्ड धरून ठेवा, बँडमध्ये दुसरा गिटारवाला असता तर त्याने तेच केलं असतं.

टॅबचं म्हणाल तर दोन दोन तारांचा बरोबर. डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर तो रिफ चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर मिळून वाजवतो, दोन्ही खुल्या, मग दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीजवळ), मग पाचव्या, आणि पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने) खरवडत नाही, बोटांनी दोन्ही तारा एकदम उचलतो. तुम्ही करून बघा, पिकने वाजवलं की एक तार आधी आणि दुसरी नंतर लागते, बोटांनी दोन्ही एकाच क्षणी लागतात आणि आवाज एकदम घट्ट होतो. आता गंमत बघा, रिफ बोटांनी आणि कडवं पिकने, म्हणजे मधे पिक पकडायला हवा, तुमचा उशीर कदाचित त्यातलाच असेल. रिफ वाजवतानाच पिक अंगठा आणि तर्जनीत धरून ठेवा आणि मधलं बोट आणि अनामिका यांनी तारा उचला, म्हणजे कडव्याला पिक जागेवरच असतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण पहिलं गाणं मी अकूस्टिकवरचं सुचवेन. 'विश यू वेअर हिअर', पिंक फ्लॉइड, 1975. कारण सांगतो. सुरुवातीच्या ज्या कॉर्ड आहेत, ई मायनर सेव्हन, जी आणि ए सेव्हन सस फोर, त्या तिन्हींमध्ये अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला बसलेली असते, ती हलतच नाही. हलतात ती उरलेली दोन बोटं, तीही खालच्या जाड तारांवर. हात एका जागी राहतो, त्यामुळे कॉर्ड बदलायची भीती जाते आणि सगळं लक्ष लयीकडे देता येतं. पुढे कडव्यात सी, डी, ए मायनर, जी आहेत, डीच्या खाली बेसमध्ये एफ शार्प आहे पण सुरुवातीला साधी डी धरली तरी चालतं.

आणि तुम्ही विचारलंय ना की कुठली गिटार धरायची, तर या गाण्याची सुरुवातच त्याचं उत्तर आहे. आधी एक गिटार लांबून, रेडिओतून आल्यासारखी बारीक ऐकू येते, आणि मग दुसरी जवळून तिच्यावर वाजायला लागते, जणू कुणी खोलीत बसून रेडिओबरोबर वाजवतंय. तुम्ही रेडिओवाली व्हा. ती गिटार म्हणजे गाण्याचा पाया, ती एकटी वाजली तरी गाणं ओळखू येतं. जवळची गिटार रेकॉर्डवर आहेच, ती तुमच्याबरोबर वाजेल.

हाच नियम सगळीकडे लावा. जी गिटार काढून टाकली तर गाणं कोसळतं ती तुमची. 'हॉटेल कॅलिफोर्निया'त ती बारा तारांची, सातव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून वाजवलेली. गाणं बी मायनरमध्ये आहे, पण कॅपो सातवर लावला की आकार होतात ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर आणि परत बी सेव्हन, एकेक बार एकेक कॉर्ड, म्हणजे तुमची एफ शार्पची बार कॉर्ड पूर्णच टळली. कडवं याच आठ कॉर्डवर आणि शेवटचा तो लांबलचक सोलोही याच आठ कॉर्डवर आहे. ध्रुवपदात याच कॉर्ड वेगळ्या क्रमाने येतात, तेवढा क्रम पाठ करायचा. कॅपो दोनवर लावायला सांगणारे टॅबही मिळतील, पण त्यात एफ येते, म्हणजे बार कॉर्ड आलीच, तो सध्या नको.

प्रतिसाद ३

एक छोटी भर. ज्यांना सम चुकते त्यांनी एसी/डीसी या बँडचं वाजवावं असं माझं ठाम मत आहे. 1979 चं 'हायवे टू हेल' लावा, सुरुवातीला ड्रम नाहीत, नुसती गिटार आहे, ए, डी, जी, आणि मधे चक्क मोकळ्या जागा. त्या मोकळ्या जागा वाजवायला शिकायच्या, म्हणजे कॉर्ड मारली की डाव्या हाताची पकड सैल करून तार पूर्ण बंद करायची आणि पुढच्या स्ट्रोकपर्यंत मोजत थांबायचं. ड्रम आले की कळतं आपण बरोबर आहोत की नाही. लोक सोलोमुळे बँडच्या अँगस यंगकडे बघतात, तुम्ही दुसऱ्या गिटारवाल्या माल्कम यंगची गिटार ऐका, सगळं गाणं त्याच्या उजव्या हातावर उभं आहे. आणि अ‍ॅम्पवर गेन (आवाज फाटका, म्हणजे डिस्टॉर्शनवाला करणारं बटण) खूप कमी ठेवा, लोकांना वाटतं त्याच्यापेक्षा या रेकॉर्डवर डिस्टॉर्शन बरंच कमी आहे, गेन वाढवला की मोकळ्या जागा घरघर करायला लागतात आणि लय झाकली जाते.

मेट्रोनोम चांगलाच आहे, पण या गाण्यांना नुसता ड्रमचा ट्रॅक लावून वाजवणं जास्त कामाचं, कारण इथे लय स्नेअरवर (ड्रमसेटमधल्या खणखणीत ड्रमवर) टेकते, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. पाय एक आणि तीनवर आपटत असाल तर दोन आणि चारवर टाळी वाजवून बघा आधी, गिटार बाजूला ठेवून.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, इतकं नेमकं सांगाल असं वाटलं नव्हतं. दोन बारवाला प्रयोग केला आणि पिकचं अगदी बरोबर होतं, रिफ संपताना माझा हात तळव्यातला पिक बोटांत आणत होता आणि कॉर्ड तेवढ्यासाठीच उशिरा पडत होती. पिक आधीपासून बोटांत धरला तर सम पहिल्यांदा बरोबर पडली, हळू वेगात का होईना, पण पडली! रेडिओवाल्या गिटारीची कल्पना तर फारच आवडली, आता प्रत्येक गाणं ऐकताना मी हेच शोधतेय की कुठली गिटार काढली तर गाणं पडेल.

अजून दोन विचारते. एक, गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सची गाणी रेकॉर्डबरोबर वाजवली की माझी गिटार सुरात असूनही जुळत नाही, सगळं अर्ध्या सुराने वर वाटतं. आणि रोलिंग स्टोन्सचं 'स्टार्ट मी अप' कॉर्ड बरोबर असूनही तसं वाजतच नाही. दोन, एफ शार्पची बार कॉर्ड कॅपोने टळली खरी, पण कधीतरी यायला हवीच ना?

प्रतिसाद ४

हेन्ड्रिक्सची बरीच रेकॉर्डिंग्ज अर्धा सूर उतरवून केलेली आहेत, सहाही तारा अर्ध्या सुराने खाली, ई फ्लॅटपासून. 1987 चं 'स्वीट चाइल्ड ओ माइन'ही तसंच. तुमची गिटार तशी उतरवा, बोटांचे आकार तेच राहतात. कॅपोने हे होणार नाही, कॅपो सूर वर नेतो. तारा उतरवल्या की ताण कमी होतो, म्हणजे बार कॉर्डही हलकी लागते.

'स्टार्ट मी अप'चं कारण वेगळं आहे. स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स ओपन जी ट्यूनिंगमध्ये वाजवतो आणि सहावी तार काढूनच टाकतो, पाच तारा, जी डी जी बी डी. एका बोटाने आडवं दाबलं की पूर्ण मेजर कॉर्ड, आणि त्यावर दोन बोटं टेकवली-उचलली की तो झुलणारा आवाज. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये कॉर्डची नावं बरोबर असतात, पण तारा वेगळ्या वाजतात. 'ब्राउन शुगर' पण असंच आहे. तुमच्याकडे दोन गिटार आहेत तर एक काही दिवस ओपन जीमध्येच ठेवा, फार आनंद देईल.

आता बार कॉर्ड. एफ शार्पच्या आकारात तर्जनीला सहाही तारा दाबायच्या नसतात. पाचवी अनामिकेने, चौथी करंगळीने, तिसरी मधल्या बोटाने दाबलेली असते, म्हणजे तर्जनीचं काम उरतं फक्त सहाव्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेचं. सपाट तर्जनी पूर्ण जोराने दाबू नका, अंगठ्याच्या बाजूने जराशी कलती करा, तिथे बोट जास्त कडक असतं आणि सांध्याच्या खाचेत तार अडकत नाही. जोर अंगठ्याने चिमटा काढून आणायचा नाही, कोपर शरीराकडे घ्या आणि हाताचं वजन गिटारच्या मानेवर मागे ओढल्यासारखं येऊ द्या. हेन्ड्रिक्स तर सहावी तार अंगठ्याने वरून दाबायचा आणि तर्जनीने फक्त वरच्या बारीक तारा, हात मोठा असेल तर तेही करून बघा.

तरीही हात भरून येत असेल तर तारा बदला. इलेक्ट्रिकवर 0.009 चा (सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचात) सेट लावा, जाड तारा म्हणजे खरा रॉक वगैरे ऐकू नका. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी, ज्याचा 'आयर्न मॅन' तुम्ही वाजवताच, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती, आणि तो डावखुरा असल्यामुळे फ्रेटवर तोच हात. त्याने बोटांना टोप्या करून घातल्या, हलक्या तारा मिळत नव्हत्या म्हणून बँजोच्या तारा लावल्या, आणि 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'वर गिटार बरीच खाली उतरवली. तो वजनदार आवाज हलक्या, सैल तारांतून आलाय.

'स्मोक'ची कुठली जागा पुढे अडते ते लिहा इथे. माझा अंदाज, ध्रुवपदातून रिफवर परत येताना, कारण तिथे हाताला उलटा प्रवास करावा लागतो, पिककडून बोटांकडे. तिथेही तेच दोन बार.