गावची यात्रा तिथीलाच भरावी, की मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी?

शिवारवाट
आमच्या ग्रामसभेपुढे एक ठराव येतोय. आमच्या भैरवनाथाची यात्रा चैत्र वद्य अष्टमीला भरते. ती यापुढे मेच्या पहिल्या शनिवारी-रविवारी भरवावी, असं मुंबई-पुण्याच्या मंडळींचं म्हणणं आहे. पोरांना सुट्टी लागलेली असते, नोकरीवाल्यांना रजा टाकावी लागत नाही, गाव भरलेलं दिसतं, ही त्यांची कारणं. माझा ठरावाला विरोध आहे. तिथी मोडली तर देव कोपेल, असं माझं म्हणणं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे.

आमच्या जुन्नर-आंबेगाव-खेड पट्ट्यात पाडव्यापासून वैशाख सरेपर्यंत रोज कुठे ना कुठे यात्रा असते. कुणाची पौर्णिमेला, कुणाची अष्टमीला, कुणाची अक्षय तृतीयेला. एका गावाची संपली की दुसऱ्याची सुरू. एवढ्या गावांची ही वाटणी कुणी कागदावर केलेली नाही, पण त्यावर कितीतरी लोकांचं पोट चालतं. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे सुपारी द्यायला जातात. फडाचा, म्हणजे तमाशा मंडळाचा, माणूस वही उघडतो आणि गावाचं नाव विचारायच्या आधी तिथी विचारतो. ती रात्र रिकामी असेल तर पुढची बोलणी. ज्या तिथीला गावं जास्त, त्या तिथीची सुपारी चढी. आता सगळ्या गावांनी शनिवार-रविवार धरले, तर मेमधल्या चार-पाच आठवड्यांच्या सुट्ट्यांत हे सगळं कोंबायचं कसं? मोठ्या फडात शे-सव्वाशे माणसं असतात. सोमवार ते शुक्रवार त्यांचं जेवण, ट्रकचं भाडं, पगार थांबत नाही. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांच्या गावाशेजारचे लोक आपण. फडाची रोजची बारी (खेळ) बुडवणारा निर्णय आपल्या पट्ट्यातून जावा, हे मला पटत नाही.

तमाशा हे एक झालं. पाळणेवाले, भेळ-गुडीशेवेची दुकानं, बांगड्यावाल्या, हलगीवाले, पैलवान ही सगळी माणसं तिथीमागून तिथी गावं बदलत जातात. तुमचं मत काय?

चाकण_शिफ्ट
दादा, मी याच पट्ट्यातला आहे आणि ठरावाच्या बाजूचा आहे. माझं ऐका.

मी कंपनीत कंत्राटी कामगार आहे. एक खाडा झाला की त्या दिवसाचा पगार जातोच, वर हजेरीचा बोनसही जातो. यात्रा मंगळवारी आली की मी रात्रपाळी करून सकाळी मोटरसायकलवर गावी येतो, पालखीला खांदा देतो, जेवतो आणि पुन्हा पाळीला हजर. कुस्त्या बघून कित्येक वर्षं झाली. बायको-पोरं येतच नाहीत. 2025 साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने 25 एप्रिलपर्यंत चालल्या. चैत्र वद्य अष्टमी त्याच्या आत पडली. पोराला पेपर सोडून यात्रेला आणू का?

आणि वर्गणी. घरटी वर्गणी आम्ही भरतो, वर देणगीच्या पावत्याही आमच्याच नावावर फाटतात. तमाशाची सुपारी, आखाड्याचा इनाम, मंडप, लाईट, या सगळ्यात बाहेरगावच्या पोरांचा पैसा मोठा असतो. पैसा चालतो, मग आमची सोय का चालत नाही? माझ्या पोराला भैरवनाथाचा छबिना (रात्रीची पालखीची मिरवणूक) मोबाईलवर बघावा लागतो. दहा वर्षांनी तो वर्गणी तरी कशाला देईल?

माहेरची_वाट
दोघांचं वाचलं. बाईमाणसाच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

माझं माहेर आणि सासर एकाच तालुक्यात. माहेरची यात्रा पौर्णिमेला, सासरची अष्टमीला. मध्ये आठवडा मिळतो म्हणून मी दोन्हीकडे असते. आमच्याकडे यात्रेला लेकीला बोलावणं येतंच, आणि नणंदेला माझ्याकडे यायचं असतं. उद्या दोन्ही गावांनी एकच रविवार धरला, तर मी सासरी चुलीपुढे आणि माहेरी भाऊ दारात वाट बघत. पाहुणा हा यात्रेचा अर्धा भाग आहे. सगळ्या गावांची यात्रा एकाच दिवशी आली तर पाहुणा यायचा कुठून? त्यामुळे तिथीला माझा पाठिंबा.

पण दुसरी गोष्ट शिवारवाट यांनी लिहिलीच नाही. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण. पहाटेपासून रात्रीपर्यंत पंगती. तमाशाच्या तंबूत बायका नाहीत, कुस्तीच्या मैदानात बायका नाहीत. आमच्या वाट्याला मांडवडहाळ्यांची, म्हणजे मांडवासाठी आणलेल्या डहाळ्यांची, मिरवणूक आणि बांगड्यांचं दुकान. तारीख बदला नाहीतर ठेवा, पण यात्रा कमिटीत चार बायका घ्या आणि दुपारचा एक कार्यक्रम असा ठेवा की आम्हाला खुर्चीवर बसून बघता येईल. गावजेवण एकत्र मंदिरापुढे केलं तर घरोघरच्या पंगती निम्म्याने कमी होतील. काही गावांनी ते केलंय आणि तिथे पाहुण्यांची नाराजी झालेली नाही.

चाकण_शिफ्ट
ताई, गावजेवणाला माझी पहिली वर्गणी.

आंबोली_घाट
मी तुमच्या भागातला नाही, सिंधुदुर्गातला. तिथीला धरून बसणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. आमच्याकडे आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा पंचांगातल्या ठरलेल्या तिथीला नसते. देवीचा कौल घेऊन दरवर्षी तारीख ठरते आणि जाहीर होते. ती जाहीर झाली की मुंबईतला चाकरमानी रेल्वेचं आरक्षण आणि एसटी बघायला लागतो. तरी लाखोंनी लोक येतात, देवीचं काही कमी होत नाही. म्हणजे तारीख दरवर्षी बदलली तरी जत्रा टिकते, हे कोकणात सिद्ध झालेलं आहे. तुमच्या भैरवनाथालाही गावाने कौल लावून विचारावं. देवाने मे दिला तर वादच मिटला.

शिवारवाट
आंबोली_घाट, आंगणेवाडीचं उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तिथे तारीख ठरवताना चाकरमान्यांची सुट्टी बघत नाहीत. तारीख ठरते आणि चाकरमानी तिच्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो. शिवाय ती एकच मोठी जत्रा आहे. आमच्याकडे शेजारी-शेजारी शेकडो गावं आहेत, त्यांचा गुंता वेगळा.

चाकण_शिफ्ट, तुमच्या पोराच्या परीक्षेचं दुखणं खरं आहे. पण एक हिशोब बघा. चांद्र तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. 2024 ला हीच चैत्र वद्य अष्टमी 1 मेला होती, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. 2026 ला अधिक ज्येष्ठ असल्याने 2027 ची अष्टमी पुन्हा एप्रिलच्या अखेरीला जाते. म्हणजे दर तीन वर्षांत एखादं वर्ष तरी ती सुट्टीच्या तोंडाशी येतेच. त्यासाठी कायमची तारीख मोडायची का?

आणि मुंबईचे डबेवाले बघा. तेही आपल्याच जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातले. दरवर्षी एप्रिलमध्ये गावच्या यात्रांसाठी पाच-सहा दिवस डबे बंद ठेवतात. गिऱ्हाईकांना आधी सांगतात, गिऱ्हाईक समजून घेतं. मुंबईसारख्या शहराला त्यांनी आपली चैत्राची यात्रा मान्य करायला लावली. आपण कंपनीला का लावू नये?

चाकण_शिफ्ट
डबेवाल्यांचं उदाहरण सगळेच देतात. ते स्वतःच्या धंद्याचे मालक आहेत, सगळे एकत्र आहेत, एकाच भागातले आहेत. आमच्या लाईनवर माझ्या शेजारी बिहारचा पोरगा, पलीकडे मराठवाड्याचा, त्यापलीकडे ओडिशाचा. सुपरवायझरला मी 'यात्रा आहे' म्हटलं की तो म्हणतो, तुझ्या जागी उद्या दुसरा येईल. युनियन नाही, कायमची नोकरी नाही. कंपनीला मान्य करायला लावा म्हणणं सोपं आहे, दादा. गावात राहून म्हणणं तर अजून सोपं.

तीन वर्षांतून एकदा सोय होते, हे उत्तर तुम्ही माझ्या पोराला द्या. तो आठ वर्षांचा आहे. त्याला यात्रेची गोडी लागायची तर आत्ताच लागेल, तो मोठा झाल्यावर नाही.

कांदाचाळ
मी गावात राहतो, शेती करतो. मेचं म्हणणाऱ्यांनी पाण्याचा विचार केलाय का? चैत्रात विहिरीला थोडं का होईना पाणी असतं. मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वाडीला टँकर लागतो. घरात पाच माणसांची पंचवीस होणार, अंघोळी, धुणी, पंगती. रांगेत हंडा घेऊन गावातल्याच बाया उभ्या राहणार. उन्हाळी कांद्याची काढणी, भरणी चैत्रातही असते, तिचा त्रास आम्ही धरूनच चालतो. पण पाणी नसताना यात्रा नको. बाकी तुमचं चालू द्या.

भीमातीर
या धाग्यात एक जुळणारी गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीत बाबासाहेबांची जयंती 14 एप्रिललाच होते. त्या दिवशी अभिवादन, वंदना, सभा. त्यात बदल नाही. पण मिरवणुकीसाठी बँड, गाड्या, बाहेरगावची माणसं एकाच दिवशी सगळीकडे मिळत नाहीत, म्हणून कितीतरी गावांत मिरवणूक पुढच्या शनिवारी, पार मेपर्यंतही निघते. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. तसंच इथे करता येईल. अभिषेक, पालखी, शेरणी (प्रसाद) वाटप तिथीला. तमाशा, कुस्त्या, बैलगाडे सुट्टीला.

मात्र आणखी एक बोलतो. यात्रेत काठीचा मान कुणाचा, पालखीपुढे कोण, पहिला नारळ कुणाचा, हे अजून भावकीवर ठरतं. वर्गणी सगळ्यांकडून घेतली जाते. तारखेवर ग्रामसभेत मतं घेणारच असाल, तर मानावरही घ्या. आमच्या वस्तीतल्या पोरांनी इतकी वर्षं हलगी वाजवली, पालखीला खांदा दिलेला कुणी पाहिलेला नाही.

शिवारवाट
भीमातीर, मानाचा मुद्दा ठरावात लेखी मांडायला मी तयार आहे. पालखीला खांदा गावातल्या कुणालाही द्यावा, ही ओळ मी स्वतः वाचून दाखवेन. विरोध होईल. तो मी घेईन.

पण विभागणी मला पटत नाही. अभिषेक आणि पालखी तिथीला ठेवून मजा रविवारी नेली, तर तिथीला देवळात पुजारी आणि म्हातारी माणसं उरतील. हळूहळू तोच दिवस बंद पडेल. यात्रेत देव आणि आखाडा एकाच दिवशी असतात, म्हणून दोन्हीकडे गर्दी असते. सकाळी मांडवडहाळे, दुपारी बैलगाड्यांचा घाट (शर्यतीची जागा), रात्री छबिना आणि तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या (सकाळचा खेळ) आणि दुपारी कुस्त्या, हा क्रम एकमेकांना धरून आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 ला बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 ला पुन्हा परवानगी मिळाली. मधली वर्षं घाट ओस पडला, तरी यात्रा भरलीच, कारण तिथी होती आणि बाकीचं जागेवर होतं.

लाल_माती
कुस्तीबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. मी यात्रेचे आखाडे फिरलेलो आहे. आमच्या वेळी तालमीतली पाच-सहा पोरं एका जीपमध्ये बसून एका गावाहून दुसऱ्या गावाला जायची. आज इथे पाचशेची कुस्ती, उद्या तिथे हजाराची. त्यातून खुराक निघायचा, बदाम-तुपाचा खर्च निघायचा. आजही तालमीतल्या गरीब पोराचा हंगाम हाच. सगळे आखाडे रविवारी आले, तर त्याला महिन्यात चार कुस्त्या मिळणार.

आणि दुपारी हलगी सुरू झाली की आधी काय होतं, ते बाहेरच्यांना माहीत नसेल. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. चड्डीवरची सात-आठ वर्षांची पोरं मातीत उतरतात. एकाने दुसऱ्याला लोळवलं की पंच जिंकलेल्याच्या ओंजळीत मूठभर रेवड्या टाकतो, हरलेल्यालाही चार देतो. दोघं अंगाची माती न झटकताच रेवड्या खात कडेला बसतात. पैलवान तिथून तयार होतो. चाकण_शिफ्ट, तुमचा आठ वर्षांचा मुलगा त्या मातीत उतरायला हवा, हे मी मनापासून म्हणतो. म्हणूनच मला तुमचंही पटतं आणि शिवारवाट यांचंही.

एक सुचवतो. कुस्त्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला असतात. त्यात बदल नको. पण पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या तेवढ्या वेगळ्या काढून मेमध्ये एका रविवारी संध्याकाळी देवळापुढे घ्या. त्याला फड लागत नाही, सुपारी लागत नाही, टँकर लागत नाही. पाच किलो रेवड्या, एक हलगी आणि जुना पंच पुरतो.

माहेरची_वाट
मुलींच्याही घ्या. आता मुली तालमीत जातात.

लाल_माती
ताई, नक्की. माती भिजवायला मी येतो.

चाकण_शिफ्ट
रेवड्यांच्या कुस्त्यांना मी पोराला घेऊन येईन. पण माझं मत ठरावाच्या बाजूनेच राहील. एक संध्याकाळ म्हणजे यात्रा नाही. त्याला छबिन्यातला गुलाल, रात्रीचा तमाशाचा तंबू आणि सकाळच्या हजेऱ्या बघायच्या आहेत. मला स्वतःला बघायच्या आहेत.

ग्रामसभा मात्र सुट्टीच्या दिवशी घ्या. बुधवारी घेतलीत, तर ज्यांच्यासाठी हा ठराव आणलाय, त्यातला एकही माणूस हात वर करायला नसेल.

शिवारवाट
ग्रामसभा रविवारीच घ्यावी, असं पत्र उद्या ग्रामसेवकांना देतो. त्यावर तुमचीही सही हवी. तिथे मी ठरावाविरुद्ध बोलेन, तुम्ही बाजूने बोला.