तोफा-बंदुकांची जुनी काळी दारू आणि आजची दारू: फरक नेमका कशात?

तोफखाना: १६व्या शतकात गोळ्याच्या वजनाइतकी दारू तोफेत भरत. १८व्या शतकाच्या अखेरीस तिसऱ्या हिश्श्यात काम भागे. म्हणजे जुनी दारू तिपटीने निकस होती का? आजच्या दारूपुढे ती कुठे बसते?

सोरामास्तर: तिपटीचा हिशेब फसवा आहे. आधीची दारू भुकटीची असे. ती घट्ट ठासली की ज्वाळेला आत शिरायला वाट उरत नाही. बरीचशी दारू उशिरा जळते, काही न जळताच बाहेर पडते. शिवाय गाड्यावर हादरे बसून दारूतले सोरा (पोटॅशियम नायट्रेट), गंधक आणि कोळसा हे घटक वेगळे होत. दाणेदार दारूने दोन्ही कटकटी मिटवल्या. भुकटीच्या मापाने दाणेदार दारू भरली तर जुनी तोफ फुटण्याची भीती, म्हणून मापं उतरली. पुढे गोळा आणि नळी यांतली फटही कमी झाली, त्याचाही वाटा आहे.

खरी गोम सोऱ्यात. त्यात कॅल्शियम नायट्रेट किंवा मीठ राहिलं की दारू ओल ओढते आणि मंद पडते.

ठासणीची बंदूक: 'आजची' म्हणजे कोणती? काळी दारू आजही बनते, सोरा, कोळसा, गंधक यांचं ७५:१५:१० हे प्रमाणही साधारण तेच. फरक आहे तो प्रत्येक घाणा सारखा उतरण्याचा. १९व्या शतकाच्या शेवटची उत्तम शिकारी दारू आजच्या काळ्या दारूला हार जात नसे, असं माझं मत.

काडतुसातली दारू मात्र निराळी जात: नायट्रोसेल्युलोजची, पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये फ्रान्समध्ये केलेली. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो, तोच धूर आणि तीच काजळी. नव्या दारूत जवळपास सगळ्याचा वायू होतो. दाब वाढला की तिचा जळण्याचा वेग झपाट्याने वाढतो. म्हणून काळ्या दारूच्या मापाने ती ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या) बंदुकीत कधीच भरू नये. नळी फाटते, आणि फाटते ती नळीच्या तोंडाजवळ नव्हे, नेमबाजाच्या चेहऱ्याजवळ.

तोफखाना: आणि टिकाऊपणात?

सोरामास्तर: तिथे म्हातारी जिंकते. कोरडी राहिली तर काळी दारू शतकभरानंतरही पेटते, त्यामुळे जुना भरलेला तोफगोळा निर्जीव समजू नका. नायट्रोसेल्युलोज आपोआप विघटत जातं. डायफिनायलअमाइनसारखं स्थिरक त्याला आवर घालतं. ते संपलं की आंबूस वास आणि तांबूस वाफ येते. काळ्या दारूचं वैर नळीशी: काजळी ओल धरते, पोलाद गंजतं. नुसतं तेल लावून ती सुटत नाही, पाण्याने धुवावी लागते, तेल त्यानंतर.