शब्दचर्चा: ‘घटकाभर’ म्हणजे नेमका किती वेळ?

अर्धविराम:
चार महिने नोकरी शोधतोय. ज्या क्षेत्रात जायचंय तिथल्या लोकांना निरोप पाठवून त्यांच्याशी बोलतो. नोकरी मागायला नाही, तिथलं काम कसं चालतं ते समजून घ्यायला. या बोलण्याला मराठीत काय म्हणावं हे सुचत नाही, आणि किती वेळ मागावा हेही कळत नाही. ‘थोडा वेळ द्याल का’ लिहिलं की उत्तरच येत नाही. एका बाईंना ‘फक्त पाच मिनिटं’ लिहिलं, तर त्यांचा लगेच फोन आला आणि बोलणं पन्नास मिनिटं चाललं. ‘तुमची पाच मिनिटं बरीच लांब असतात हो,’ असं त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण माझ्या पुढच्या निरोपाला उत्तर नाही. आता एका ज्येष्ठांसाठी ‘घटकाभर बोलाल का’ असं लिहून ठेवलंय. पाठवायचा धीर होत नाही. फार जुनाट वाटेल का?

खडूफळा:
जुनाट कसला, नेमका आहे! दिवसरात्र मिळून ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. ६० पळांची घटका, तेव्हा पळ २४ सेकंदांचं. दोन घटकांचा मुहूर्त, ४८ मिनिटं. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटका झाली. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या वाटीतूनच आलाय. अनोळखी माणसाकडे वीस ते तीस मिनिटं मागावीत असं नोकरीविषयी सल्ला देणारे सहसा सांगतात. घटका बरोबर त्याच्या मधोमध बसते.

उंबरठा:
गणित ठीक आहे, पण आज ‘घटकाभर टेका’ म्हणणारा कोण वाटी बुडायची वाट बघतो? ‘घटकेत हसतो, घटकेत रडतो’ यात तर ती क्षणाएवढी झाली. ‘पाच मिनिटं’चंही तेच. मराठीत पाच मिनिटं हे माप नाहीच, ती विनवणी आहे. म्हणून तर बाईंना फसवल्यासारखं वाटलं असणार. मी सरळ ‘वीस मिनिटं’ लिहीन.

खडूफळा:
मान्य. मग ‘घटकाभर, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं’ असं लिहावं. शब्दाचा ओलावा राहतो आणि समोरच्याला आकडाही मिळतो. (गुगल कॅलेंडरात बैठका लवकर संपवायची एक सोय आहे. ती चालू केली की अर्ध्या तासाची बैठक आपोआप पंचवीस मिनिटांची होते. घटकेच्या किती जवळ आले बघा!)

जुनी वही:
प्रश्नाचा पहिला भाग तसाच राहिला, या बोलण्याला म्हणायचं काय. ‘मुलाखत’ तर मुळीच नको. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ नुसती भेट, हिंदीतली ‘मुलाक़ात’ अजून तशीच आहे. मराठीत मात्र तो आक्रसला आणि टेबलाच्या दोन बाजू तयार झाल्या. ‘तुमची मुलाखत हवी आहे’ असं लिहिलंत तर तुम्ही वार्ताहर आहात असं वाटेल. ‘चौकशी’ला दरडावणीचा वास आहे. ‘विचारपूस’ खुशालीची. ‘शब्द टाकणं’ हे आपल्यासाठी दुसऱ्यानं करायचं. ‘वशिला’ही अरबीतलाच, मुळात नुसतं साधन किंवा माध्यम, आपल्याकडे येऊन पार बदनाम झाला. मला ‘ओळखीसाठी बोलणं’ हेच बरं वाटतं. साधं आहे, पण खोटं नाही.

आणि ओळख म्हणजे तरी कोणती, तर तोंडओळख. हा शब्द आपण उगाच कमीपणानं वापरतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा गाजलेला लेख आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्यानं विचारलं होतं, ज्यानं खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? ‘वारंवार’ म्हणणारे जेमतेम १७ टक्के निघाले. ‘कधीमधी’ म्हणणारे ५६ टक्के आणि ‘क्वचित’ म्हणणारे २८ टक्के. पाहणी लहानशी होती, पण कारण पटण्यासारखं आहे: जिवलग मित्राला जे कळतं ते बहुतेक आपल्यालाही आधीच कळलेलं असतं. नवी खबर तोंडओळखीकडून येते. आणि चांगली तोंडओळख मागे ठेवायला घटका पुरते. पन्नास मिनिटांत दोस्ती होत नाही, दमणूक होते.

उंबरठा:
पटलं. पण पंचविसाव्या मिनिटाला थांबवायचं कुणी?

जुनी वही:
ज्यानं वेळ मागितला त्यानं. तिथेही शब्द जपून वापरावा. ‘गुंडाळतो’ म्हटलं की कंटाळा दिसतो. ‘उरकतो’त घाई आहे. ‘काढता पाय’ तर पळ काढणाऱ्याचा. ‘आवरतं घेतो’ यात मात्र आपण पसरलेलं आपणच गोळा करतोय हा भाव येतो. फोनवर त्यानंतर ‘ठेवू का?’ एवढंच विचारावं. त्यातल्या ‘का’मुळे समोरच्याला हवं तर ‘थांबा’ म्हणता येतं.

आणि सुरुवातही तासावी. नमनालाच घडाभर तेल गेलं तर घटकेतली दहा मिनिटं तुमच्याच शिक्षणाच्या पाढ्यात जातील. स्वतःबद्दल तीन वाक्यं, मग प्रश्न. ‘तुमचा कालचा दिवस कसा गेला, कशात वेळ गेला?’ असं विचारून बघा. ‘या क्षेत्राचं भवितव्य काय’ विचारलंत की समोरचा भाषण देतो.

अर्धविराम:
असं पाठवलं: ‘नमस्कार सर. तुमच्या कामाबद्दल समजून घ्यायचं आहे. घटकाभर, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं, ओळखीसाठी बोलता येईल का? नोकरीसाठी शब्द टाका असं म्हणणार नाही.’ तासाभरात उत्तर आलं: ‘गुरुवारी साडेचार.’

अर्धविराम:
आज बोलणं झालं. कालचा दिवस विचारला तर ते पाच मिनिटं एका चुकलेल्या तक्त्याबद्दलच सांगत होते, माझ्या सगळ्या वाचनातून कळलं नव्हतं ते त्यात कळलं. एकवीसाव्या मिनिटाला म्हणालो, ‘मागितलेला वेळ संपत आलाय, आवरतं घेतो. ठेवू का?’ ते म्हणाले, ‘थांबा, एक नंबर देतो, लिहून घ्या. माझं नाव सांगा त्यांना.’ सव्वीस मिनिटं झाली एकूण.

खडूफळा:
म्हणजे घटका आणि वर पाच पळं.

जुनी वही:
दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद, पळ २४चं. बरोबर, पाचच.

उंबरठा:
‘एकविसाव्या’. वि ऱ्हस्व.